शिदोरी पुढच्या मुक्कामी

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात टेल्युराइड नावाचं खाणकामगारांचं जुनं गाव आहे, समुद्रसपाटीपासून २,६६७ मीटरवर. शेजारच्या युटा राज्यात, लाल खडकांच्या वाळवंटात मोआब आहे, जेमतेम १,२२५ मीटरवर. या दोहोंच्या मधलं सुमारे ३४५ किलोमीटरचं अंतर जंगलवाटांनी आणि कच्च्या रस्त्यांनी माउंटन बाइकवर कापायचं. सात दिवस, सहा रात्री. तंबू न्यायचा नाही, स्लीपिंग बॅग न्यायची नाही, शिधाही न्यायचा नाही. रोज संध्याकाळी रानात एक छोटी लाकडी हट लागते. तिथे आठ जणांपुरते बंक, गाद्या, स्लीपिंग बॅगा, गॅसची शेगडी, लाकडाची भट्टी, पिण्याचं पाणी आणि फळीवर रचलेला किराणा तयार असतो. राखणदार नाही. आचारी तर नाहीच. दार उघडायचं, स्वयंपाक करायचा, भांडी घासायची, झोपायचं आणि सकाळी पुढच्या गटासाठी झाडून-पुसून निघायचं. आंघोळीची सोय मात्र हटमध्ये सहसा नसते.

पंढरीच्या वारीत दिंडीचा ट्रक पुढच्या मुक्कामी आधी पोचतो आणि वारकरी मोकळ्या हातांनी चालतात, तसंच हे. पाठीवरचं ओझं उतरलं की मान वर होते आणि आजूबाजूचं दिसायला लागतं. या वाटेवर दिसण्यासारखं आणि ऐकण्यासारखं इतकं आहे की सात दिवसही अपुरे पडावेत.

आधी दरोडेखोर, मग सायकलस्वार

ही सोय जो रायन यांनी १९८७ मध्ये ‘सान वान हट सिस्टीम’ या नावाने सुरू केली. पण ‘लागेल ते आधीच पुढे नेऊन ठेवायचं’ ही युक्ती या मुलखात त्याहून जुनी आहे. २४ जून १८८९ रोजी दरोडेखोर बुच कॅसिडी आणि त्याच्या साथीदारांनी टेल्युराइडमधली सान मिगेल व्हॅली बँक लुटली. वीस हजार डॉलरच्या वर रक्कम घेऊन ते निसटले, कारण पळायच्या वाटेवर त्यांनी ताज्या दमाचे घोडे आधीच बांधून ठेवले होते. पाठलाग करणाऱ्यांचे घोडे दमत गेले. कॅसिडीचे दर टप्प्याला नवे होते.

वीस शिपाई, एकेचाळीस दिवस

मला या सगळ्या गोष्टींत सर्वांत जास्त भावते ती १८९७ सालची. माउंटन बाइक जन्माला यायला अजून ऐंशी वर्षं होती. अमेरिकी लष्कराच्या २५व्या इन्फन्ट्री रेजिमेंटमधले वीस कृष्णवर्णीय शिपाई, लेफ्टनंट जेम्स मॉस यांच्या हाताखाली, १४ जूनला माँटाना राज्यातल्या फोर्ट मिझूलाहून सायकलवर निघाले. घोड्यांऐवजी सायकली चालतील का, हे लष्कराला पाहायचं होतं. एका गिअरच्या, जड लोखंडी सायकली. अंगावर रायफल. हँडलला गुंडाळलेलं अंथरूण. शिधा दोन दिवसांचा, पुढचा साठा वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी. बर्फ, चिखल, नेब्रास्काची तापलेली वाळू, वाट्याला आलेलं वाईट पाणी आणि आजारपण, सगळं सोसत ते २४ जुलैला सेंट लुईसला पोचले. ४१ दिवसांत सुमारे ३,०५० किलोमीटर. शहराने त्यांचं जंगी स्वागत केलं, पण लष्कराने त्यांना रेल्वेत बसवून परत पाठवलं आणि प्रयोग गुंडाळला. पुढच्याच वर्षी स्पेनशी युद्ध सुरू झालं आणि या शिपायांची रवानगी क्यूबाला झाली. आज कार्बनच्या फ्रेमवर, पुढे-मागे शॉक अब्सॉर्बर घेऊन डोंगर चढणाऱ्या प्रत्येकाने या वीस जणांची आठवण ठेवायला हवी.

ग्रीस जळायचं म्हणून

माउंटन बाइकचा जन्म कॅलिफोर्नियातल्या माउंट तमाल्पाइसच्या परिसरातला. १९७०च्या दशकात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या, मागे पॅडल मारून लागणाऱ्या ब्रेकच्या सायकली डोंगरावरून खाली सोडायचे. एका उतारात ब्रेकचा हब इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन उडून जायचं. खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागे. त्या उताराला यावरूनच ‘रीपॅक’ हे नाव पडलं आणि २१ ऑक्टोबर १९७६ला तिथे पहिली शर्यत झाली. त्याच शर्यतींच्या टोळीतल्या जो ब्रीझ यांनी पुढच्या वर्षी खास डोंगरासाठी नवी फ्रेम घडवली.

गंमत म्हणजे १९७६च्याच सप्टेंबरमध्ये इकडे कोलोरॅडोतही असंच वेड शिजत होतं. क्रेस्टेड ब्यूट गावातली मंडळी खटारा सायकली घेऊन ३,८७० मीटर उंचीच्या पर्ल खिंडीतून ॲस्पेनला गेली. ॲस्पेनचे मोटरसायकलवाले त्यांच्या गावात येऊन गेले होते, त्याला हे उत्तर.

भात कच्चा का राहतो

टेल्युराइडहून पहिल्याच दिवशी ‘लास्ट डॉलर’ हट लागते, साधारण ३,३५० मीटरवर. या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या मानाने दोन-तृतीयांशच उरतो. पाणी सुमारे ८९ अंशांनाच उकळतं, त्यामुळे कितीही खळखळलं तरी डाळ-भात लवकर शिजत नाही. पास्त्यालाही जास्त वेळ लागतो. प्रेशर कुकरची किंमत कळते ती इथे.

शरीराचंही तसंच. मुंबईहून किंवा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून विमानाने आलेल्या माणसाने दुसऱ्याच दिवशी सायकलवर बसू नये. दोन-तीन रात्री टेल्युराइडमध्ये काढाव्यात, भरपूर पाणी प्यावं, पायी हिंडावं. डोकं दुखायला लागलं आणि मळमळू लागलं तर ती उंची बाधल्याची खूण असते. ती लपवणाऱ्या मित्राला गटाने प्रेमाने पण ठामपणे थांबवावं.

झाड एक, खोडं सत्तेचाळीस हजार

वाट आस्पेनच्या पांढऱ्या खोडांच्या बनातून जाते. बाहेरून दिसतं ते जंगल, पण जमिनीखाली मुळं एकच असतात आणि त्यांतून नवनवीन खोडं फुटत राहतात. मोआबच्या पश्चिमेला, युटामधल्या फिशलेक जंगलात ‘पांडो’ नावाचं असंच एक आस्पेन आहे. सुमारे ४३ हेक्टर, ४७,००० खोडं, आणि सगळं मिळून एकच झाड. आस्पेनच्या सालीतही हरितद्रव्य असतं. पानं झडल्यावर हिवाळ्यात ती सालच थोडंफार अन्न तयार करते.

सालीवर कोरलेली जुनी नावं आणि चित्रंही दिसतात. मेंढ्या घेऊन उन्हाळाभर डोंगरात राहणाऱ्या एकट्या मेंढपाळांनी ती शंभर-शंभर वर्षांपूर्वी कोरली आहेत. आपण मात्र काही कोरू नये. सालीची जखम या झाडाला रोगाचं दार उघडून देते.

साळिंदराचं मीठ

घामाने भिजलेले हातमोजे, बूट, हेल्मेटचे पट्टे रात्री बाहेर ठेवू नयेत. साळिंदराला मिठाची फार ओढ असते. घाम मुरलेला कुऱ्हाडीचा दांडासुद्धा ते कुरतडतं.

तिकडचाही पावसाळा

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागालाही मॉन्सून आहे. जुलैच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दुपारी ढग जमतात, विजा पडतात, तासाभरात सगळं निवळतं. म्हणून पहाटे निघायचं आणि दुपारच्या आत उघड्या धारेवरून खाली यायचं, हा तिथला नियम. विजेला सपाट कड्यावरचा एकटा सायकलस्वार फार सोयीचा असतो.

पाऊस पडला की मातीही आडवी येते. जुन्या ज्वालामुखींच्या राखेपासून झालेली ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि टायर, फोर्क, ब्रेक यांच्यात ठासून बसते. चाक फिरतच नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या रेगूर मातीत हाच फुगणारा खनिजगट असतो, म्हणून पावसाळ्यात शेतातून बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. अशा वेळी सायकल ढकलण्याचा अट्टहास करू नये. तास-दोन तास ऊन पडलं की वाट बरीच सुकते. ओल्या वाटेवर उमटलेल्या खोल चाकोऱ्या मात्र वाळून दगडासारख्या होतात आणि हंगामभर मागच्यांना छळतात.

सराटे इथेही

डोंगरातून उतरून गेटवे गावाच्या आणि मोआबच्या कोरड्या भागात आलं की पंक्चरची खरी पाळी सुरू होते. तिथले लोक ज्या काट्याला ‘गोटहेड’ म्हणतात, तो आपला सराटा. गोखरू. वैद्य ज्याचा काढा देतात, तोच. बैलाच्या खुरात, अनवाणी पोरांच्या तळव्यात आणि सायकलच्या टायरमध्ये सारख्याच आवडीने घुसणारा. अमेरिकेत तो परका आहे, बाहेरून येऊन फोफावलेला. त्याला आवरण्यासाठी १९६१ मध्ये तिथे दोन जातींचे सोंडे किडे सोडण्यात आले. आणले इटलीतून, पण या किड्यांचं मूळ वसतिस्थान म्हणून इटली आणि फ्रान्सच्या जोडीने भारताचंही नाव घेतलं जातं. एक किडा बीमध्ये अंडी घालतो, दुसरा देठात.

उपाय एकच. ट्यूबलेस टायर आणि आत भरपूर सीलंट. काटा उपसला की भोकातून पांढरा द्रव फसफसतो, चाक दोन वेळा फिरवायचं, भोक बुजतं. तरीही गटात मिळून चार सुट्या ट्यूब हव्याच.

वाटेतली वीज

टेल्युराइडजवळ एम्स नावाची जागा आहे. तिथे १८९१ मध्ये नदीच्या पाण्यावर वीज तयार करून ती तारेने सुमारे चार किलोमीटर दूर, डोंगरावरच्या गोल्ड किंग खाणीत नेली. उद्योगासाठी एसी वीज तयार करून अशी दूरवर पोचवण्याचा जगातला हा अगदी सुरुवातीचा यशस्वी प्रयोग. निकड होती पैशाची. आसपासची झाडं तोडून संपली होती आणि खेचरांवरून वर चढवलेला कोळसा खाणीचं दिवाळं काढत होता. वकील असलेल्या एल. एल. नन यांनी वेस्टिंगहाउसची यंत्रं मागवली, ती निकोला टेस्ला यांच्या कल्पनांवर उभी होती. एम्सचं केंद्र आजही वीज देतं.

मेरी क्युरींचं एक ग्रॅम

मोआबला जायची दुसरी हट-वाट ड्युरँगो गावातून निघते आणि तिचा एक मुक्काम पॅराडॉक्स खोऱ्यात असतो. हे खोरं पाहताना डोकं चक्रावतं. नदी खोऱ्याच्या लांबीने वाहायला हवी, पण डोलोरेस नदी एका भिंतीतून आत शिरते, खोरं आडवं ओलांडते आणि समोरची भिंत कापून निघून जाते. कारण हे खोरं नदीने कोरलेलंच नाही. जमिनीखालचे मिठाचे प्रचंड थर फुगून वर आले, मग विरघळले आणि वरचं छत खचलं. नदी आपल्या जुन्याच वाटेने वाहत राहिली.

याच परिसरात पिवळ्याधमक कार्नोटाइट खनिजाच्या खाणी होत्या. या खनिजात युरेनियम, व्हॅनेडियम आणि लेशमात्र रेडियम असतं. पहिल्या महायुद्धानंतर मेरी क्युरी यांच्याकडे संशोधनासाठी पुरेसं रेडियम नव्हतं, आणि बाजारात एका ग्रॅमची किंमत होती एक लाख डॉलर. रेडियम शोधून काढणाऱ्या बाईलाच ते परवडत नव्हतं! पत्रकार मेरी मेलोनी यांनी अमेरिकेतल्या स्त्रियांना हाक दिली, वर्गणी जमली आणि २० मे १९२१ रोजी व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या हस्ते क्युरींना ते एक ग्रॅम भेट मिळालं. खरं रेडियम सुरक्षित जागी होतं, समारंभात त्यांच्या हाती दिली ती पेटीची किल्ली. ते रेडियम याच पॅराडॉक्स भागातल्या खनिजातून, शेकडो टन दगड चुरडून काढलेलं होतं. इथे पाण्याची बाटली काढून टेकणाऱ्या प्रत्येक सायकलस्वाराने आजूबाजूच्या टेकड्यांकडे एकदा या नजरेने बघावं.

त्याच खाणींच्या जिवावर जवळच युरावन नावाचं गाव वसलं. अणुबॉम्बच्या प्रकल्पाला तिथून युरेनियम गेलं. पुढे किरणोत्सारामुळे अख्खं गाव पाडून गाडून टाकावं लागलं. शाळा, घरं, सगळं.

कड्याला टांगलेला पाट

युरावनजवळच्या उभ्या कड्याला लाकडी पाट टांगलेला दिसतो. १८८९ ते १८९१ या काळात सोनं धुण्यासाठी पाणी न्यायला बांधलेला. मैलोन् मैल लांबीचा, मजुरांनी दोरावर लोंबकळून ठोकलेला. सोनं फारसं निघालं नाही आणि कंपनी काही वर्षांत बुडाली. लाकडं अजून आहेत.

आगगाडीशी शर्यत

ड्युरँगोहून सिल्व्हर्टनला १८८२ पासून नॅरोगेज आगगाडी जाते. त्या गाडीवर ब्रेक्समन असलेल्या जिम मेयरला त्याच्या भावाने, टॉमने, सायकलवर आधी पोचण्याचं आव्हान दिलं आणि जिंकलं. त्यातून १९७२ मध्ये ‘आयर्न हॉर्स’ ही शर्यत सुरू झाली. आजही इंजिन शिटी देतं आणि हजारो सायकली सुटतात. वाटेत तीन हजार मीटरच्या वरच्या दोन खिंडी, तरी चांगले सायकलस्वार गाडीच्या आधी पोचतात. १९९० मध्ये माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा ड्युरँगोलाच झाली, आणि पुरुषांची क्रॉसकंट्री जिंकली गावच्याच नेड ओव्हरेंडने.

आपल्यासाठी ड्युरँगोची आणखी एक ओळख. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जाणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ याच गावातून जाते. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ती दोघांच्या संघात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. ही शर्यत पुरी करणारे ते पहिले भारतीय. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली.

घोडा चालेल, सायकल नाही

वाटेवरून माउंट स्नेफल्सची शिखरं दिसतात, पण त्या राखीव ‘विल्डरनेस’मध्ये सायकल नेता येत नाही. १९६४च्या कायद्याने अशा रानात यांत्रिक वाहतुकीला मनाई केली, आणि सायकल त्यात बसवली गेली. घोड्याला मुभा आहे. यावर अमेरिकेत अजून वाद होतो. माझं मत विचाराल तर काही रानं पायी चालणाऱ्यांसाठीच राहू द्यावीत.

सर्वांत कठीण दिवस

गेटवे गाव सुमारे १,४०० मीटरवर, लाल कड्यांच्या तळाशी, तापलेलं. तिथून पुढचा मुक्काम ला साल पर्वतात, बराच उंचावर. म्हणजे एका दिवसात मोठी चढाई, अंगावर ऊन घेऊन. या दिवशी पहाटे चारला उठणारा गट सुखी होतो. सर्वांत हळू मित्राला सर्वांत पुढे ठेवावं आणि त्याच्या वेगाने सगळ्यांनी जावं. मागे राहिलेला माणूस गटाला गाठतो तोच बाकीच्यांची विश्रांती संपलेली असते आणि त्याला कधीच विसावा मिळत नाही. फाटा आला की थांबायचं, शेवटचा दिसल्याशिवाय निघायचं नाही.

मग सातव्या दिवशी मोआबकडे लांबलचक उतार. सकाळी फर आणि आस्पेन, दुपारी निवडुंग. ब्रेकचे पॅड आदल्या रात्रीच तपासावेत.

काळी माती तुडवू नका

मोआबच्या वाळवंटात जमिनीवर काळपट, खडबडीत पापुद्रा दिसतो. मेलेला वाटतो, पण तो जिवंत असतो. सायनोबॅक्टेरिया, शेवाळ आणि दगडफुलासारखे जीव मिळून वाळूचे कण धाग्यांनी शिवून ठेवतात, पाणी धरतात, हवेतला नायट्रोजन मातीत आणतात. टायरचा एक पट्टा त्यावरून गेला तर ती जखम भरायला दशकं लागतात. वाट सोडायची नाही, फोटोसाठीसुद्धा.

मोआबचा वाळूचा खडक मात्र सायकलसाठीच घडवल्यासारखा. लोखंडी नालांचे घोडे ज्यावर घसरत, त्यावर रबरी टायर घट्ट धरून राहतं. तिथली प्रसिद्ध ‘स्लिकरॉक’ वाट १९६९ मध्ये आखली गेली ती मोटरसायकलींसाठी. पुढे गावाला पोसणारा युरेनियमचा धंदा बसला, गाव ओस पडू लागलं. १९८३ मध्ये बिल आणि रॉबिन ग्रॉफ या भावांनी तिथे सायकलचं दुकान काढलं आणि मोआब जगभरच्या सायकलस्वारांचं गाव झालं.

जायचंय?

आठ जण जमले तर पूर्ण हट आपली, कमी असतील तर अनोळखी सोबती मिळतात. हंगाम जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत. फळीवर डबाबंद राजमा, तांदूळ, पीठ, अंडी, चीज मिळेल, गोडा मसाला आणि लसणाची चटणी आपली न्यावी. प्रत्येकाने तीन-चार लिटर पाण्याची सोय, पावसाचं जॅकेट आणि छापील नकाशा जवळ ठेवावा, कारण बऱ्याच वाटेवर फोनला नेटवर्क नसतं. चेन जोडणं, गिअरचा हँगर बदलणं आणि टायर दुरुस्त करणं निदान दोघांना यायलाच हवं. डेन्व्हर, टेक्सास, बे एरियातल्या मराठी मित्रमंडळींनो, सप्टेंबरचा शेवटचा आठवडा धरा. तेव्हा पाऊस ओसरलेला असतो आणि आस्पेन पिवळे झालेले असतात.